न चिकटता ढकलणारे रेणू (लेखांक ७)

फॉस्फोलिपिडच्या दुपदरी पडद्यात डिटर्जंटचे रेणू घुसतात आणि त्यांचं प्रमाण वाढलं की पडदा मोडून त्याचे बारीक कण होतात, इथवर आपण गेल्या आठवड्यात आलो होतो. आता त्याच पाण्यात तिसरा घटक घालू: लांब साखळीचा, पाण्यात सहज विरघळणारा पॉलिमर. पॉलिइथिलीन ग्लायकॉल, म्हणजे ‘पेग’, किंवा डेक्स्ट्रान. हे रेणू फॉस्फोलिपिडला चिकटत नाहीत, तरी मिश्रणाचं सगळं वागणं बदलून टाकतात. ते कसं, हे बघायला नवजात बाळाच्या फुप्फुसाइतकी योग्य जागा मला दुसरी दिसत नाही.

फुप्फुसातले वायुकोश आतून पाण्याच्या पातळ थराने ओले असतात. शरीराच्या तापमानाला पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७० मिलिन्यूटन प्रति मीटर असतो. तो तसाच राहिला, तर श्वास सोडताच कोश मिटू लागतील आणि ते पुन्हा उघडायला फार जोर लागेल. म्हणून वायुकोशातल्या पेशी फॉस्फोलिपिड आणि थोड्या प्रथिनांचं एक मिश्रण स्रवतात. पाण्यावर पसरलेला त्याचा थर श्वास सोडताना दाबला जातो आणि ताण जवळजवळ शून्यावर येतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळात हे द्रव्य पुरेसं नसतं, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरी मीड यांनी १९५९ मध्ये दाखवलं. तरी १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला, आणि दोन दिवसांचा होण्याआधीच या कमतरतेतून होणाऱ्या आजाराने गेला. त्याला देण्याजोगं औषध तेव्हा जगात कुठेच नव्हतं.

ते आलं १९८० मध्ये. जपानमध्ये तेत्सुरो फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसातून काढलेलं द्रव्य बाळांच्या श्वासनलिकेत सोडलं आणि बाळं सावरली. अमेरिकेत जॉन क्लेमेंट्स यांनी प्राणिज पदार्थ टाळून ‘एक्सोसर्फ’ बनवलं. त्याला १९९० मध्ये मंजुरी मिळाली. त्यात डीपीपीसी हे फॉस्फोलिपिड होतं. पण ४१ अंश सेल्सियसच्या खाली डीपीपीसी ताठर राहतं, पाण्यावर लवकर पसरत नाही. त्याला पसरवायला हेक्झाडेकॅनॉल आणि टायलॉक्सापॉल नावाचं सर्फॅक्टंट जोडीला दिलं होतं.

खरी अडचण जखमी फुप्फुसात येते. तिथे रक्तातली प्रथिनं वायुकोशात झिरपतात. अल्ब्युमिन लहान आणि विरघळलेलं, त्यामुळे ते हवेलगतच्या पृष्ठभागावर आधी पोचून जागा अडवतं. त्याच्या थराने पृष्ठताण जेमतेम ५० पर्यंत उतरतो. मागून येणारे फॉस्फोलिपिडचे मोठाले पुंजके खालीच तरंगत राहतात, कारण त्या थरावर ऋण प्रभार असतो आणि पुंजक्यांवरही. औषध दिलेलं असतं, पण ते कामाच्या जागी पोचत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोत टॉइश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा निकामी झालेल्या मिश्रणात डेक्स्ट्रान आणि पेग घालून पाहिलं. मिश्रण पुन्हा काम करू लागलं. उंदरांच्या जखमी फुप्फुसातही फरक दिसला. याचं कारण मात्र १९५४ मध्येच नागोयाच्या असाकुरा आणि ओसावा यांनी लिहून ठेवलं होतं, आणि तेही फुप्फुसाचा विचार न करता. कॅरमच्या स्ट्रायकरचा मध्यबिंदू फ्रेमला कधीच टेकू शकत नाही. स्ट्रायकरच्या त्रिज्येएवढी पट्टी त्याला कायम बंद असते. पाण्यात गुंडाळी होऊन फिरणाऱ्या पॉलिमरलाही प्रत्येक पुंजक्याभोवती आणि पृष्ठभागाखाली अशीच एक पट्टी बंद असते. पुंजका पृष्ठभागाजवळ गेला की दोन्ही बंद पट्ट्या एकमेकींवर येतात, आणि तेवढी जागा पॉलिमरला मोकळी होते. मधल्या फटीत पॉलिमर नाही, बाहेर आहे. म्हणून बाहेरचा परासरण दाब पुंजक्याला पृष्ठभागाकडे रेटतो. प्रभाराचा अडसर ओलांडायला तो रेटा पुरतो. मला यातलं सौंदर्य असं वाटतं, की इथे कोणताही रासायनिक बंध लागत नाही. नुसती जागेची वाटणी पुरते.

कायटोसान या पॉलिमरची गोष्ट वेगळी. ते धनप्रभारित असल्याने थेट चिकटतं आणि ऋण प्रभार मिटवतं. अगदी थोडं पुरतं, पण जास्त झालं की प्रभार उलटा होऊन अडसर परत उभा राहतो.

आणि पेग फॉस्फोलिपिडलाच बांधून टाकला, तर त्याचं काम नेमकं उलट होतं. मोकळा पेग कणांना एकत्र ढकलतो; बांधलेला पेग कणाभोवती दाट झालर धरून दुसऱ्या कणाला जवळ येऊ देत नाही. १९९५ पासून वापरात असलेलं कर्करोगाचं औषध ‘डॉक्सिल’ आणि करोनाच्या एमआरएनए लसींतले मेदकण याच झालरीच्या आधाराने सुटे राहतात.

फुप्फुसासाठी मोकळा पेग वापरण्यातली गोम प्रमाणात आहे. तो बऱ्यापैकी दाट घालावा लागतो, आणि मग द्रव घट्ट होतो, शिवाय ऊतींतलं पाणी कोशात ओढलं जायची भीती असते. हायल्युरोनन हा पॉलिमर त्याच्या कितीतरी कमी प्रमाणात तोच परिणाम देतो. आणि तो फुप्फुसाच्या अस्तरातल्या द्रवात मुळातच असतो. त्याची साखळी एवढ्या थोड्या प्रमाणात एवढी जागा कशी व्यापते, ते पुढच्या लेखांकात.