समुद्रगुप्ताची स्वारी खानदेशातून गेली होती का?

इतिहासाच्या जुन्या पुस्तकांनी समुद्रगुप्ताची दक्षिण स्वारी कांचीपर्यंत नेली आणि परतताना त्याला महाराष्ट्र-खानदेशातून वर आणले. ही वाट खरी मानली तर गुप्तांचे सैन्य आपल्या बुलढाणा जिल्ह्याच्या वेशीवरून गेले असे ठरते. पण पुरावा काय सांगतो?

गैरसमज : स्वारीची वाट दाखवणारे नकाशे त्या काळच्या नकाशांवरून काढतात.
वस्तुस्थिती : समुद्रगुप्ताच्या काळचा एकही नकाशा हाती नाही. आहे तो प्रयागच्या अशोकस्तंभावरचा हरिषेणाचा संस्कृत लेख. त्यात दक्षिणेतले बारा राजे राज्यांसह येतात. मुक्काम नाहीत, अंतरे नाहीत. सिकंदराचेही तेच. त्याच्या स्वारीचा ओर्टेलियसचा गाजलेला नकाशा १५९५ सालचा, म्हणजे स्वारीनंतर सुमारे एकोणीसशे वर्षांनी ग्रंथांवरून रचलेला.

गैरसमज : लेखातला नावांचा क्रम हाच सैन्याचा मार्ग.
वस्तुस्थिती : लेखात कांची आधी येते, वेंगी नंतर. प्रत्यक्षात उत्तरेकडून किनाऱ्याने उतरणाऱ्याला गोदावरी-कृष्णेच्या मधली वेंगी आधी लागते. ही यादी जिंकलेल्यांची आहे, रोजनिशी नव्हे.

गैरसमज : लेखातले एरंडपल्ल म्हणजे खानदेशातले एरंडोल आणि देवराष्ट्र म्हणजे महाराष्ट्र.
वस्तुस्थिती : नावांच्या सारखेपणावरून अभिलेखतज्ज्ञ फ्लीट यांनी एरंडोल सुचवले. व्हिन्सेंट स्मिथ यांनी १९०४ च्या आपल्या इतिहासात परतीची पश्चिमेकडची वाट त्यावरच बेतली. १९२० मध्ये फ्रेंच संशोधक जुव्हो-दुब्रय यांनी ताम्रपट पुढे ठेवले. एरंडपल्ल श्रीकाकुलमकडे आणि देवराष्ट्र विशाखापट्टणमच्या परिसरात, असे त्यांनी दाखवले. स्वारी पूर्व किनाऱ्यावरच राहिली, हे मत पुढे बहुतेकांनी स्वीकारले.

गैरसमज : तेव्हा वऱ्हाड गुप्तांनी जिंकले होते.
वस्तुस्थिती : दक्षिणेतल्या बारा राजांत वऱ्हाडावर राज्य करणाऱ्या वाकाटकांचे नावच नाही. लेखातला रुद्रदेव म्हणजे वाकाटक रुद्रसेन, असे काहींनी मांडले. पण रुद्रदेव येतो तो आर्यावर्तातल्या राजांत, आणि वाकाटक दख्खनचे. शिवाय दक्षिणेतल्या राजांना पकडून पुन्हा सोडून दिले, असे लेखच सांगतो. म्हणजे त्यांचा मुलूखही खालसा झाला नव्हता. मेहकर-लोणारपासून जवळच असलेले वाशीम तेव्हा वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होते. १९३९ मध्ये तिथे मिळालेला ताम्रपट याच शाखेच्या दुसऱ्या विंध्यशक्तीचा. गुप्तांशी वाकाटकांचे नाते जुळले ते पुढे, सोयरिकीने : समुद्रगुप्ताची नात प्रभावतीगुप्ता थोरल्या शाखेच्या दुसऱ्या रुद्रसेनाला दिली होती.

गैरसमज : स्तंभलेखाचा हरिषेण आणि अजिंठ्याशी जोडलेला हरिषेण एकच.
वस्तुस्थिती : पहिला समुद्रगुप्ताचा अधिकारी आणि कवी. दुसरा शंभरेक वर्षांनंतरचा वत्सगुल्मचा राजा. त्याच्या वराहदेव या मंत्र्याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवले.

स्वारीची रेघ दिसली की ती कोणी, कधी आणि कशावरून ओढली एवढे आधी पाहावे. गावाचे नाव जुळते, एवढ्यावर सैन्य दारात आणू नये.