सर्जनला सापडलेली कोरडी वाट

मोठ्या आतड्याचा शेवटचा, जेमतेम १५ सेंटीमीटरचा भाग म्हणजे गुदाशय. तिथे कर्करोग झाला की भल्याभल्या सर्जनची कसोटी लागते. जागा अरुंद. पुढे मूत्राशय, मागे हाडाला चिकटलेलं शिरांचं जाळं (ते फुटलं तर रक्त आवरता आवरत नाही) आणि आजूबाजूला लघवी व लैंगिक क्षमता सांभाळणाऱ्या बारीक नसा. पूर्वी अनेक सर्जन इथे हात घालून बोटांच्या अंदाजानेच गुदाशय सोडवत. कित्येकांचा कर्करोग मग त्याच जागी पुन्हा उलटे.

बिल हील्ड हे इंग्लंडमधल्या बेझिंगस्टोकच्या जिल्हा रुग्णालयात कन्सल्टंट सर्जन होते. १९८२ साली त्यांनी दाखवलं, की गुदाशयाला बिलगलेल्या चरबीत, अगदी गाठीच्या खालच्या अंगालाही, कर्करोगाचे सूक्ष्म कण दडलेले असतात. बोटांनी ओढताना ही चरबी फाटते, थोडी आतच राहते आणि रोग तिथूनच परततो.

आता गंमत पाहा. गर्भात आतडं घडतं ते स्वतःच्या चरबीसकट, स्वतःच्या पातळ आवरणात. ते आवरण आणि मागची भिंत यांच्यामध्ये रक्तवाहिन्या जवळजवळ नसलेली एक फट जन्मभर राहते! हील्ड तिला ‘होली प्लेन’ (पवित्र स्तर) म्हणत. सहाय्यकाने गुदाशय अलगद पुढे ताणून धरला, की या फटीत पिंजलेल्या कापसासारखे पांढरे तंतू उलगडतात. सर्जन डोळ्यांसमोर तेवढेच कापत खाली उतरतो. चरबीचं अख्खं गाठोडं गुळगुळीत बाहेर येतं, नसाही वाचतात. माझ्या मते या कामातलं खरं कसब कापण्यापेक्षा ही वाट न सोडण्यात आहे.

वाट सुटली की नाही, याचा निवाडा मात्र सर्जनकडे नसतो. काढलेला भाग पॅथॉलॉजिस्टकडे जातो. लीड्सच्या फिल क्वर्क यांनी १९८६ साली दाखवून दिलं, की आडव्या चकत्या करून कडेपर्यंत कर्करोग पोचलाय का ते तपासलं, तर रोग कुणाचा उलटेल याचा अंदाज येतो. आवरण कुठे फाटलंय तेही पॅथॉलॉजिस्ट नोंदवतो. कन्सल्टंट कितीही ज्येष्ठ असो, प्रगतिपुस्तक त्याच्या हाती पडतंच. पुढे हील्ड यांनी स्वीडनमध्ये जाऊन तिथल्या सर्जनना ही पद्धत शिकवली आणि स्टॉकहोममध्ये रोग उलटण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं.

पण रोगाने ते आवरण ओलांडलं, की ही वाट एकटी पुरत नाही. म्हणून रोग त्याआधीच पकडायला हवा. शौचातून रक्त जात असेल तर ‘मूळव्याध असेल’ म्हणून घरगुती औषधांवर महिने काढू नका. डॉक्टरांकडून तपासून घ्या.