दोन देश, एक दिवस – भाग 6 : विरार ते चर्चगेट, ताकाओ ते टोकियो

12 एप्रिल 1867 रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबे स्टेशनाकडे गाडी सुरू झाली. सकाळी एक जाणारी, संध्याकाळी एक परतणारी, बस्स. जपानात पहिली रेल्वे धावली ती शिंबाशी ते योकोहामा, ऑक्टोबर 1872 मध्ये. म्हणजे टोकियोत आगगाडी नव्हती तेव्हा विरारहून मुंबईला रोजची लोकल होती. फलाटावर उभं असताना हे आठवलं की हसू येतं. गाडी आली की हसायला जागा उरत नाही.

मागच्या भागात आपण मानव विकास निर्देशांक पाहिला. 2025 च्या अहवालात 193 देशांत जपान 23 वा, भारत 130 वा. आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न यांची ती गोळाबेरीज. घर आणि कचेरी यांच्या मधल्या वेळेला त्यात रकाना नाही. विरारकराच्या दिवसात मात्र तोच मोठा. विरार ते चर्चगेट 60 किलोमीटर. टोकियोत याच्या जोडीला शोभेल अशी चुओ लाइन : ताकाओ ते टोकियो स्टेशन 53 किलोमीटर. तिथे टोकाला ताकाओचा डोंगर, इथे जीवदानीचा.

जपानी सरकार गर्दी मोजतं, आणि ती मोजण्याची त्यांची जुनी पट्टी मला फार आवडते. 100 टक्के म्हणजे प्रत्येकाला सीट, कडी किंवा दांडा मिळाला. 180 टक्क्यांना पेपर घडी घालून, जरा खटपट केली तर वाचता येतो. 200 टक्क्यांना अंगाला अंग घासतं, तरी साप्ताहिक कसंबसं वाचता येतं. (हा अंक तिथवर चालेल, संपादकांना कळवतो.) 250 टक्क्यांना गाडी हलली की माणूस तिरका होतो आणि हातही हलवता येत नाही. तिथे पट्टी संपते.

आपल्याकडे पट्टी नाही, शब्द आहे : ‘सुपर डेन्स क्रश लोड’. एका चौरस मीटरमध्ये 14 ते 16 उभी माणसं. जेवणाच्या छोट्या टेबलाएवढ्या जागेत सोळा जण उभे करून पाहा. म्हणून नालासोपाऱ्याचा माणूस आधी उलटा विरारला येतो, डाऊन गाडीतून न उतरता सीट धरून बसतो आणि मग मुंबईला निघतो. दहा मिनिटांचं अंतर वाढवून घ्यायचं, पण विंडो किंवा निदान फोर्थ सीट मिळवायची. ‘फोर्थ सीट’ म्हणजे तिघांच्या बाकड्यावर चौथ्याने अर्धं बूड टेकवणं. बोरिवलीला उतरायचं असलेला चुकून विरार फास्टमध्ये चढला तर गर्दी त्याला उतरू देत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

‘जपानी लोक शिस्तीचे, आपण बेशिस्त’ हे मात्र मला पटत नाही. 1955 साली शिंजुकू स्टेशनात माणसांना डब्यात ढकलायला माणसं नेमावी लागली. 1962 आणि 1963 मध्ये मिकावाशिमा आणि त्सुरुमी इथल्या दोन अपघातांत मिळून तीनशेहून जास्त माणसं गेली. त्यानंतर जपानी रेल्वेने टोकियोतून फुटणाऱ्या पाच दिशांच्या मार्गांवर जादा रूळ टाकण्याचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. 1975 ला टोकियो परिसराची सरासरी गर्दी 221 टक्के होती, 2019 ला 163. चव्वेचाळीस वर्षं लागली. शिस्तीला काय, रूळ लागतात.

आपल्याकडे बोरिवली–विरार पाचव्या-सहाव्या मार्गिकेला 2019 मध्ये मंजुरी मिळाली. मधल्या काळात माणसं मरत राहिली. 2023 मध्ये मुंबईच्या उपनगरी मार्गांवर 2,590 मृत्यू झाले, बहुतेक रूळ ओलांडताना आणि गाडीतून पडून. पालघर जिल्ह्यातल्याच एका रोजच्या प्रवाशाने जनहित याचिका केली, तेव्हा जून 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने माणसांना असं कोंबून नेलं जातं याची लाज वाटते, असं सुनावलं. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी पडले. मग साध्या लोकललाही बंद होणारे दरवाजे लावायचं ठरलं. टोकियोच्या गाडीत ते इतके जुने आहेत की कुणी त्यांच्याविषयी बोलत नाही.

जमेच्या बाजूलाही काही लिहायला हवं. विरारहून चर्चगेटला साध्या डब्यातून एका वडापावच्या भावात पोचता येतं. टोकियोचं तिकीट महाग, पण तिथे कचेरी प्रवासभत्ता देते आणि महिना दीड लाख येनपर्यंत त्यावर कर नाही. म्हणजे लांब राहण्याची किंमत मालकही मोजतो. बायकांच्या बाबतीत तर आपण आधी : लेडीज स्पेशल 1992 ला सुरू झाली, पुढच्या वर्षी विरारपर्यंत आली. टोकियोत केइओ रेल्वेने बायकांसाठी राखीव डबा 2001 मध्ये कायमचा केला, तोही गाडीतल्या छेडछाडीला कंटाळून. लेडीज स्पेशलसारखी भाजी निवडत घरी येण्याची सोय मात्र त्यांना अजून जमलेली नाही.

आणि जपान आता विरारलाच येतंय. मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनचं एक स्टेशन विरारला आहे. 508 किलोमीटरचा मार्ग, मूळ योजनेत बहुतेक पैसा जपानी कर्जाचा, व्याज 0.1 टक्का, फेड पन्नास वर्षांत. इतक्या स्वस्तात मिळालेला पैसा पाचव्या-सहाव्या रुळावर लागला असता तर, असं मी परवा गाडीत म्हणालो. समोरचे काका फोर्थ सीटवरून म्हणाले, ‘‘पहिले पाय काढ माझ्या पायावरचा.’’

पुढच्या आठवड्यात : टँकर आणि नळ.