मुक्त सॉफ्टवेअर आणि गावची आठवण

दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवराबायकोचा मिळून एक ‘कोयता’, मुकादमाकडून घेतलेली ‘उचल’ आणि आता हातात मोबाइल. तोडणीचा दर काय ठरला, उचलीचा हिशेब लेखी कसा मागावा, मागे राहिलेल्या मुलांची सोय कुठे होईल, हे प्रश्न दर हंगामाला तेच असतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर कोणी जाणता उत्तरही देतो. पण दोन दिवसांत ते सुप्रभातच्या चित्रांखाली गाडले जाते. पुढच्या वर्षी पुन्हा श्रीगणेशा.

चर्चामंचाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक प्रश्नाला स्वतंत्र पान मिळते, उत्तरे त्याखाली क्रमाने लागतात आणि शोधल्यावर जुने पानही सापडते. अशी कितीतरी सॉफ्टवेअर मुक्त आहेत, म्हणजे त्यांची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येते. तरी ती तालुक्याच्या गावी पोहोचत नाहीत. त्यांचा प्रचार करणारे परवान्याचे गुण सांगत बसतात आणि ऐकणारा मनात विचारतो, ‘माझं काम होईल का?’

ड्रुपलची कथा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. २००० साली बेल्जियममधल्या अँटवर्प विद्यापीठातल्या ड्रीस बायटार्ट या विद्यार्थ्याने वसतिगृहातल्या मित्रांसाठी निरोपांचा फलक तयार केला. पुढे संकेतस्थळासाठी त्याला ‘डॉर्प’ हे नाव हवे होते. डच भाषेत डॉर्प म्हणजे गाव. टंकताना चूक होऊन ‘ड्रॉप’ झाले. जानेवारी २००१मध्ये ती आज्ञावली ड्रुपल या नावाने सर्वांना खुली झाली.

१९९६ साली सुरू झालेली मायबोली पुढे याच ड्रुपलवर आली. २००७चे मिसळपावही त्यावरच चालले. तिथे पाककृती आणि प्रवासवर्णने लिहिणाऱ्या फार थोड्यांनी ड्रुपलचे नाव ऐकले असेल. त्यांना मोह पडला तो वेगळाच: रोमन कळफलकावर उच्चाराप्रमाणे अक्षरे दाबावीत आणि पडद्यावर देवनागरी उमटावी. ओंकार जोशी यांच्या ‘गमभन’ने ही सोय मराठी संकेतस्थळांना करून दिली. या सोयीने जे साधले ते कुठल्या जाहिरातीने साधले नसते.

बीडसाठी ही सोय कोणती असेल? टंकलेखन आता मोबाइलवरच होते. अनेकांना तर बोलून विचारणे सोपे जाते. तेव्हा बोललेला प्रश्न लिहून घेणारा आणि गेल्या हंगामाचे उत्तर समोर ठेवणारा मंच हवा. ‘मुक्तस्रोत’ हा शब्द त्याच्या दारावर नसला तरी चालेल.

पण आत तो मुक्तच असावा. उचलीबद्दल उघडपणे विचारणाऱ्याला पुढच्या वर्षी टोळीत घेतले नाही तर? टोपणनाव चालेल का, कोणते पान कोणाला दिसेल, नोंदी कुठे राहतील, हे परक्या कंपनीऐवजी कामगारांच्या गटाला ठरवता आले पाहिजे. मुक्त आज्ञावली तेवढा अधिकार देते. सर्व्हरचे भाडे आणि रोज तासभर चर्चा निगुतीने सांभाळणारा माणूस मात्र ती देत नाही. तो खर्च आधीच सांगावा. नाहीतर फुकट म्हणून आणलेला मंच वर्षभरात ओस पडतो आणि त्याबरोबर सगळी उत्तरेही जातात.