वृद्धाश्रम आणि घरपट्टी

वृद्धाश्रम हा शब्द कानीं पडतांच अद्यापि पुष्कळ कुटुंबांत माना खालीं जातात. चार भावांचें घर असतां आईवडिलांस परक्या दारीं राहावें लागावें, ही बोच आम्हांसहि आहे. परंतु ज्यांस घरच उरलें नाहीं, त्यांची सोय कोणी तरी करावयास हवी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांविषयींच्या कायद्यांत प्रत्येक जिल्ह्यांत निदान १५० निराधार वृद्धांचा एक तरी आश्रम सरकारनें टप्प्याटप्प्यानें उभारावा, अशी तजवीज आहे. १९९८ सालीं अकोल्यापासून निराळा झालेला वाशीम जिल्हाहि त्यांत आलाच. तथापि असें कार्य केवळ सरकारावर सोंपवून चालत नाहीं. धर्मादाय संस्थाहि तें करतात. त्यांच्या दारीं घरपट्टीचें बिल आलें म्हणजे तो पैसा म्हाताऱ्यांच्या ताटांतून व औषधांतूनच जातो.

मग माफीचा अर्ज निघतो. दारावर पाटी लागली कीं कर सुटला, ही समजूत मात्र खोटी आहे. कायदा पाटी पाहत नाहीं, वापर पाहतो. महानगरपालिकांच्या १९४९ च्या कायद्यांत केवळ सार्वजनिक धर्मादाय कार्यास लागणाऱ्या इमारतीस किंवा तिच्या भागास सामान्य करांतून सूट आहे. तेथें व्यापार चालल्यास ती राहत नाहीं. वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर येथील नगरपरिषदांस १९६५ चा कायदा लागू आहे आणि खेड्यांत ग्रामपंचायतीचे नियम. म्हणून आपणांस कोणतें कलम लागतें, हें कचेरींत आधीं विचारून घ्यावें.

खरी अडचण पैसे देऊन राहणाऱ्यांची. १९९२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें दिल्लीच्या एका प्रकरणांत, शिक्षण देते एवढ्यानें संस्था धर्मादाय ठरत नाहीं, असें सांगितलें. लोकांच्या ऐच्छिक देणग्यांचा आधार व नफ्याचा विनियोग यांस महत्त्व दिलें. वृद्धाश्रमासहि हाच प्रश्न विचारला जाईल. म्हणून अर्जासोबत विश्वस्त संस्थेचा नोंदणी-दाखला, तपासलेले हिशेब, विनामूल्य व सशुल्क राहणाऱ्यांची संख्या आणि इमारतीचा नकाशा जोडावा. रस्त्याकडेचें दुकान भाड्यानें दिलें असेल, तर तें लपवूं नये. तेवढा भाग निराळा दाखवावा. आकारणीची यादी प्रसिद्ध होतांच मुदतींत लेखी हरकत घ्यावी व पोंच जपून ठेवावी. अर्ज दिला म्हणजे बिल थांबलें, असें मानूं नये.

शेवटीं एक गोष्ट. नगरपरिषदेचे दिवे व गटारें याच पैशावर चालतात. आश्रमास मिळालेली माफी म्हणजे शेजाऱ्यांनीं न बोलतां दिलेली देणगीच होय. ती मागणाऱ्यानें हिशेब उघडा ठेवावा. आणि ज्यांची माणसें तेथें आहेत, त्या आपण सुशिक्षित कुटुंबांनीं आपला खर्च पुरता भरून, एखाद्या निराधाराच्या खाटेचा भारहि उचलावा. मग अर्जांतील ‘धर्मादाय’ हा शब्द खरा करावयास फारसे पुरावे लागणार नाहींत.