अव्वांची वही आणि सरकारचा कर

आमच्या घरातली जमाखर्चाची वही दोन भाषांत लिहिली जाते. सासूबाई, म्हणजे अव्वा, धारवाडकडच्या. माझं माहेर बेळगावातच, शहापुरात. लग्न होऊन आले तेव्हा वही अव्वांकडे होती. अक्की, बेळे, एण्णे असं सगळं कानडीत. मग माझ्या हाती आली, तसे तांदूळ, डाळ, तेल सुरू झाले. आता दोघी लिहितो. दुधाच्या रकान्यात कधी 'हालु', कधी 'दूध'. बेरीज मात्र एकच येते.

कानडीत कराला 'तेरिगे' म्हणतात. आपल्याकडे जुन्या जमाखर्चात महिनाअखेरच्या गोषवाऱ्याला 'तेरीज' म्हणत. या दोन शब्दांचं काही नातं आहे की नाही, हे भाषातज्ज्ञांनी सांगावं. आमच्या घरी मात्र गेल्या दोन वर्षांत तेरिगेने तेरीज पार बदलून टाकली. त्याचीच ही हकिकत.

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. प्रत्यक्ष कर, अप्रत्यक्ष कर, करभार, करसंक्रमण या धड्यांवर मुलांकडून टिपणं लिहून घेते. तरीही घरात चूक झाली, आणि ती माझ्या संमतीने झाली. म्हणून लिहावंसं वाटलं.

बाराच्या भावाने शिरा

१ फेब्रुवारी २०२५, शनिवार. अर्थसंकल्प सादर होत होता आणि आम्ही सगळे टीव्हीसमोर. नव्या करपद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही, पगारदारांना ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंत नाही, असं ऐकलं आणि हे उठून म्हणाले, "शिरा कर!"

मी लगेच पेन घेतलं. माझं करपात्र उत्पन्न अकरा लाखांच्या आसपास. २०२४-२५ च्या दराने त्यावर ६५ हजार कर आणि चार टक्के उपकर, म्हणजे ६७,६०० रुपये. २०२५-२६ पासून शून्य. महिन्याला साडेपाच हजारांहून जास्त सुटणार होते. शिरा झाला, त्यात बेदाणेही पडले.

इथे एक गैरसमज दूर करते, कारण स्टाफरूममध्येही तो पुष्कळांचा होता. बारा लाख ही सरसकट सूट नाही. करपात्र उत्पन्न तेरा लाख झालं, तर कर चार लाखांच्या वरच्या रकमेपासून मोजला जातो आणि उपकरासह ७८ हजार भरावे लागतात. बारा लाखांच्या किंचित वर असणाऱ्यांसाठी थोडा दिलासा ठेवलेला आहे, पण तो थोडाच.

मोडलेली पॉलिसी

शिऱ्याची चव तोंडात होती, तोच पुढच्या आठवड्यात अव्वा न्हाणीघरात पडल्या. वय सत्तर. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन, सळई, नऊ दिवस दवाखाना. बिल झालं दोन लाख पस्तीस हजार. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली ठेव मोडून ते भरलं.

आता तुम्ही विचाराल, विमा नव्हता का? होता. बारा वर्षं होता. जून २०२४ मध्ये आम्हीच तो बंद केला होता.

त्याचं असं झालं. त्या वर्षी विम्याचा मूळ हप्ता वाढून ३४ हजार झाला. त्यावर १८ टक्के जीएसटी ६,१२० रुपये. एकूण ४०,१२०. हे उद्यमबागेतल्या एका कारखान्यात हिशेबनीस आहेत. जुन्या करपद्धतीत ज्येष्ठ आईवडिलांच्या आरोग्य विम्यावर ५० हजारांपर्यंत वजावट मिळते. त्या वजावटीने यांचे दरवर्षी आठ हजारांवर रुपये वाचत. पण एप्रिल २०२४ मध्ये यांनी नवी करपद्धत घेतली. तिच्यात वरच्या वजावटी नाहीत, पण दर कमी, त्यामुळे एकूण चारेक हजारांचा फायदा होता. इथवर सगळं बरोबर.

चूक पुढे झाली. जूनमध्ये हप्त्याची नोटीस आली तेव्हा हे म्हणाले, "आता यावर सवलतच नाही. चाळीस हजार भरायचे कशाला? अव्वाला बीपी-शुगरशिवाय काही नाही. यंदा राहू दे." मीही मान हलवली. तीस दिवसांची मुदत असते, तीही निघून गेली.

विमा आजारपणासाठी असतो, कर वाचवण्यासाठी नव्हे, हे मी वर्गात किती वेळा सांगितलं असेल! पण आपल्या पिढीला बचत शिकवली ती करसवलतीने. मार्च आला की विम्याचा हप्ता, भविष्य निर्वाह निधी, पोस्टाची प्रमाणपत्रं, सगळी धावपळ 'टॅक्स वाचवायला'. त्या निमित्ताने का होईना, घराच्या पायात चार दगड पडत. नव्या करपद्धतीने कागदपत्रांची कटकट कमी केली, हातात पैसे जास्त दिले, आणि ते निमित्तही काढून घेतलं. आता दगड आपले आपणच घालायचे आहेत. आम्ही ते विसरलो आणि आठ हजारांच्या सवलतीपायी पाच लाखांचं छत्र मिटून ठेवलं.

दवाखान्यात एका रात्री हे अव्वांच्या उशाशी बसून तोच हिशेब पुन्हा मांडत होते. अव्वा डोळे मिटूनच म्हणाल्या, "लेक्क सरि इत्तु, विचार तप्पितु." हिशेबनीस मुलगा आणि अर्थशास्त्र शिकवणारी सून, दोघांनाही एवढ्या कमी शब्दांत कुणी समजावलं नव्हतं.

घटस्थापनेचा दिवस

त्याच वर्षी दुसरा मोठा बदल आला. २२ सप्टेंबर २०२५, घटस्थापनेच्या दिवशी जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले. मुख्य दर ५ आणि १८ राहिले, आणि काही मोजक्या चैनीच्या व अपायकारक वस्तूंसाठी ४० टक्क्यांचा दर आला. साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल, बिस्किटं १८ वरून ५ वर आली. तूप, लोणी, फरसाण आणि बहुतेक औषधं १२ वरून ५ वर. वह्या, पेन्सिली, नकाशे यांवरचा कर शून्य झाला. आणि वैयक्तिक आरोग्य व आयुर्विम्यावरचा १८ टक्के करही शून्य.

वाण्याच्या दुकानात त्या आठवड्यात गंमतच होती. जो तो म्हणत होता, "साबणाला तेरा टक्के कमी द्या." तेरा टक्के नव्हे, सुमारे अकरा. ११८ रुपयांच्या वस्तूत मूळ किंमत शंभर आणि कर अठरा. कर पाच झाला की ती १०५ ला मिळायला हवी. ११८ वर १३ रुपये म्हणजे अकरा टक्के. त्याच न्यायाने १२ वरून ५ वर आलेल्या वस्तूंवर सव्वासहा टक्के.

नवरात्र संपल्यावर मी आणि अव्वांनी वही उघडली. साबण, पेस्ट, बिस्किटं वगैरे महिन्याला १,४०० रुपयांची. त्यात वाचले १५४. तूप, फरसाण वगैरे १,१०० चं, त्यात ६९. अव्वांची औषधं १,६०० ची, त्यात शंभर. एकूण ३२३ रुपये.

"अष्टेना?" अव्वा म्हणाल्या. एवढंच?

एवढंच, कारण आपल्या घरचा मोठा खर्च ज्यावर होतो, त्या सुट्या तांदूळ-जोंधळ्यावर, भाजीवर, ताज्या दुधावर आधीही जीएसटी नव्हता. जिथे करच नाही तिथे कपात कसली? उलट १ एप्रिल २०२५ पासून कर्नाटकात नंदिनी दूध लिटरला चार रुपयांनी महागलं होतं. आमच्याकडे रोज दोन लिटर लागतं, म्हणजे महिन्याला २४० रुपये. ३२३ मधून २४० गेले, उरले ८३.

तुपाचं उदाहरण तर मी वर्गातही देते. जीएसटी कमी झाल्यावर नंदिनी तूप लिटरला ६५० वरून ६१० वर आलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये ते ७०० झालं. ६५० रुपयांत कर होता सुमारे सत्तर रुपये, ७०० रुपयांत सुमारे तेहेतीस. म्हणजे कर निम्म्याहून कमी झाला आणि किंमत वाढली! कर हा किमतीचा एक भाग आहे, सबंध किंमत नव्हे, हे यापेक्षा सोपं कुठल्या पुस्तकात नाही.

सीमेवरचा हिशेब

आपल्या भागात दर महिन्याला कुणी ना कुणी कोल्हापूरला जातं, कुणी गोव्याला. साबण-पेस्टचा जीएसटी आता तिन्हीकडे एकच. पण पेट्रोल-डिझेल जीएसटीत नाही, त्यावर प्रत्येक राज्य आपला विक्रीकर लावतं. जून २०२४ मध्ये कर्नाटकाने पेट्रोलवरचा विक्रीकर २५.९२ टक्क्यांवरून २९.८४ टक्क्यांवर नेला आणि लिटरमागे तीन रुपये वाढले. यांची मोटारसायकल महिन्याला तीस लिटर पिते. म्हणजे नव्वद रुपये. साबण-औषधांत उरलेले ८३ तिथे गेले, वर सात पदरचे!

तेव्हा वर्तमानपत्रात 'स्वस्ताई' वाचली म्हणून महिन्याचं अंदाजपत्रक सैल सोडू नये. आपल्या वहीत काय उतरलं, ते पाहावं. एसी, मोठा टीव्ही, मोटारसायकल, सिमेंट यांवरचा कर २८ वरून १८ वर आला खरा. ज्यांना त्या वर्षी घर बांधायचं किंवा गाडी घ्यायचीच होती, त्यांचे हजारो वाचले. पण कर कमी झाला म्हणून नको असलेली वस्तू घेतली, तर त्याला बचत म्हणत नाहीत.

वहीतली नवी ओळ

दिवाळीआधी आम्ही अव्वांचा विमा पुन्हा घेतला. हप्ता ३८ हजार, त्यावर कर शून्य. पण नव्या पॉलिसीत बीपी आणि शुगरशी संबंधित आजारांना तीन वर्षं थांबावं लागणार आहे. बारा वर्षांच्या जुन्या पॉलिसीत तो काळ केव्हाच संपला होता. करमाफीने सहा हजारांहून जास्त वाचले, पण खंड पडल्याने गेलेली वर्षं कुठल्याच अर्थसंकल्पात परत मिळत नाहीत. तुमच्या घरी विम्याची नोटीस आली असेल, तर सवलत मिळते की नाही हे नंतर बघा, तारीख आधी बघा.

दुसरी गोष्ट आमच्या ६७,६०० रुपयांची. पहिले चार महिने ते कुठे गेले, ते वहीतही सापडलं नाही. पगारात थोडे थोडे वाढून आले आणि थोडे थोडे विरून गेले. ऑगस्टपासून पगाराच्या दिवशीच ५,६०० रुपये आवर्ती ठेवीत टाकतो. त्यातून अव्वांचा हप्ता जातो, उरलेले मुलीच्या मोडलेल्या ठेवीत.

त्या ओळीला काय नाव द्यायचं, यावर घरात थोडी चर्चा झाली. हे म्हणाले, 'करबचत' लिही. अव्वांनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि कानडीत लिहिलं, 'मने'. घर.

आता दर महिन्याच्या पाच तारखेला त्या स्वतःच काठी टेकत येतात, खुर्चीत बसतात आणि विचारतात, "मनेदु हाकिद्रेनु?" घराचे टाकलेत का? टाकले म्हटल्यावर वही मिटतात.