ट्रॅक्टरचा ‘पिकअप’ आणि हवेची गाळणी



ऊस विकास विभागाने बेणे, खत आणि पाणी यांवर लिहावे, असा रिवाज आहे. या अंकात आम्ही इंजिनाच्या हवेबद्दल लिहीत आहोत, त्याला कारण आहे. ऊस कितीही चांगला पिकवला तरी तो गव्हाणीत पडेपर्यंत त्याचा भरवसा नाही. तोडलेला ऊस वाटेत उभा राहिला की वजन घटते आणि साखरही घटते.

गेल्या हंगामात आमच्या गटातील एका सभासदाचा ट्रॅक्टर भरलेल्या दोन ट्रेलरांसह चढावर थांबला, तो थांबलाच. दिवाळीत त्यांच्या मुलाने एअर क्लीनर काढून त्या जागी उघडा पाइप बसवला होता. “साहेब, पिकअप एकदम वाढला बघा,” असे तो आम्हाला सांगत होता. संक्रांतीला इंजिन ऑइल खाऊ लागले, सकाळी चालू व्हायला कुरकुरू लागले आणि महाशिवरात्रीच्या आत इंजिन उतरवावे लागले. लायनर आणि रिंगा घासून गेल्या होत्या. ऐन हंगामात वाहन घरी, हप्ता मात्र चालू!

पोरगा खोटे बोलत नव्हता. पिकअप खरेच वाढला होता. मग चुकले कुठे, ते पाहू.

डिझेल इंजिनात आपण ॲक्सिलरेटर दाबतो तेव्हा हवा वाढत नाही, डिझेल वाढते. हवा इंजिन स्वतःच पिस्टनच्या ओढीने घेते. एक लिटर डिझेल पुरते जळायला किमान १० हजार लिटर हवा लागते. २५०० सी.सी.चे इंजिन मिनिटाला २००० फेरे फिरत असेल तर तासाला सव्वा लाख लिटरच्या आसपास हवा ओढते. २०० लिटरच्या बॅरलने मोजली तर ती सहाशेहून जास्त बॅरल भरते. गाळणी धुळीने चोंदली की ही हवा कमी पडते, डिझेल अर्धवट जळते, काळा धूर निघतो आणि गाडी दबते. अशा वेळी गाळणीच काढून टाकली तर हवा मोकळी होऊन जोर येणारच! पण तोच जोर गाळणी साफ करूनही आला असता. गाळणी स्वच्छ असताना ती काढली तर हाती विशेष काही लागत नाही, कारण डिझेल किती सोडायचे ते पंप ठरवतो.

आता धुळीचे बघा. आपल्याकडची पाणंद, उसाच्या फडातली पाचटाची भुकटी आणि काट्यासमोरच्या रांगेतला धुरळा सगळ्यांनी अनुभवला आहे. डोळ्यांना दिसणारी माती तितकी वाईट नसते. ५ ते २० मायक्रॉनचे, म्हणजे केसाच्या जाडीहून कितीतरी बारीक कण जास्त घातक असतात. ते ऑइलच्या पातळ थरात मिसळतात आणि पॉलिश पेपरासारखे लायनर घासतात. टर्बो असलेल्या नव्या ट्रॅक्टरात तर मिनिटाला लाखाच्या घरात फिरणाऱ्या पात्यांवर हेच कण आदळतात.

तेव्हा पिकअप हवाच असेल तर घरच्या घरी पुढील गोष्टी कराव्यात.

१) वरच्या प्री-क्लीनरची वाटी रोज रिकामी करावी. पाचट अडकले असल्यास काढावे.

२) ऑइल बाथ गाळणी असल्यास वाटीतले ऑइल हंगामात रोज पाहावे. तळाशी गाळ बसला किंवा ऑइल घट्ट झाले तर वाटी धुऊन नवे ऑइल खुणेपर्यंतच भरावे. खुणेच्या खाली राहिले तर धूळ पकडली जात नाही. खुणेच्या वर गेले तर ऑइल इंजिनात ओढले जाते आणि इंजिन आवरेनासे होण्याचा धोका असतो. जळके ऑइल वापरू नये.

३) कागदी गाळणी आपटू नये आणि डिझेलने धुऊ नये. कमी दाबाची हवा आतून बाहेर मारावी. कागद फाटला किंवा रबर कडक झाले तर गाळणी बदलावी. आतली छोटी गाळणी साफ करीत बसू नये, ती बदलायचीच असते.

४) गाळणीपासून इंजिनापर्यंतचा रबरी पाइप आणि त्याच्या क्लिपा तपासाव्यात. पाइप काढून आत स्वच्छ फडके फिरवावे. फडक्याला धूळ लागली तर कुठून तरी चोरटी हवा शिरते आहे, असे समजावे. ही गळती गाळणी नसण्याइतकीच घातक असते.

५) एवढे करूनही काळा धूर राहिला तर नोझल, टॅपेट आणि पंप मिस्त्रीकडून तपासून घ्यावेत. क्लच घसरतो का, तेही बघावे. पंपाचे सील तोडून डिझेल वाढवू नये. धूर निळा असेल तर ऑइल जळत आहे, आणि तिथे हवेचा उपाय चालत नाही.

विहिरीवरच्या डिझेल इंजिनालाही हाच नियम लागू आहे. त्याच्या तोंडाला जुन्या लुगड्याचा तुकडा बांधून काम भागत नाही. कापडातून बारीक धूळ आत जाते, आणि भिजले की कापड हवाही अडवते.

मोटारीच्या हौशी तरुणांसाठीही दोन शब्द. पेट्रोल गाडीत ॲक्सिलरेटर हवेची झडप उघडतो, म्हणून उघडी जाळीची गाळणी बसवण्याचा मोह होतो. मूळ डबा बहुधा पुढून थंड हवा घेतो. उघडी गाळणी बॉनेटखालची तापलेली हवा घेते. हवा १० अंशांनी तापली की तेवढ्याच जागेत सुमारे ३ टक्के कमी मावते. आवाज वाढतो आणि कानाला जोर वाढल्यासारखा वाटतो. जाळीला जास्त तेल लावले तर ते हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसते आणि गाडी उलट अडखळते. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे वाहनात मनमानी फेरफार करता येत नाही, आणि वॉरंटीचा वादही अंगावर येतो.

बैलाला दम लागला तर आपण त्याची वेसण सैल करतो, नाकात माती घालत नाही. इंजिनालाही हाच न्याय लावावा. येत्या गळीत हंगामात वाहन यार्डात आणण्यापूर्वी प्रत्येक सभासदाने आणि वाहनमालकाने गाळणी एकदा उघडून पाहावी, ही नम्र विनंती.